साखरेचे वाडे, मागांचं शहर

इलोइलो शहर पहिल्यांदा समुद्रावरून पाहावं. फिलिपिन्सच्या मध्यावर पनाय नावाचं तिकोनी बेट आहे. त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर हे शहर, आणि समोरच्या अरुंद सामुद्रधुनीपलीकडे गिमारास हे छोटं बेट. दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या असलेल्या मोटारहोड्या दिवसभर या दोन किनाऱ्यांमध्ये ये-जा करतात. होडीत बसलं की बंदराचं मर्म नकाशाशिवाय कळतं. खुल्या समुद्राचा जोर गिमारास आपल्या अंगावर घेतं, आणि आतल्या बाजूला शांत, खोल पाणी उरतं. त्यात शहराच्या पोटात शिरणारी इलोइलो नदी. तिला नदी म्हणतात, पण ती खरं तर खाडी आहे. भरतीबरोबर फुगते, ओहोटीबरोबर उतरते. जहाजं या खाडीत शिरून थेट गोदामांच्या दारात लागत. शहराचं नशीब घडलं आणि बिघडलं ते या धक्क्यावर.

धक्क्याचं नाव मुएये लोनी. निकोलस लोनी हा मूळचा प्लिमथचा इंग्रज. त्याचा पुतळा इथे उभा आहे, आणि फिलिपिन्सच्या साखरउद्योगाचा जनक म्हणून त्याची ओळख सांगितली जाते. स्पेनच्या राजवटीत परदेशी व्यापार बराच काळ मनिलापुरताच बांधलेला होता. १८५५ मध्ये इलोइलोचं बंदर जगाला खुलं झालं आणि पुढच्याच वर्षी लोनी ब्रिटनचा उपवकील म्हणून इथे उतरला. वकिलातीच्या जोडीला त्याचा स्वतःचा व्यापारही होता.

त्या काळी इलोइलो साखरेसाठी ओळखलं जात नव्हतं. ते विणकरांचं शहर होतं. अननसाच्या पानांतून काढलेल्या धाग्याचं तलम पिन्या, आबाका या केळीच्या जातीच्या झाडापासून केलेलं सिनामाय, चिनी रेशीम मिसळून विणलेलं हुसी, शिवाय सुती चौकड्यांचं पातादयोंग, जे बायका कमरेभोवती गुंडाळतात. घरोघरी माग होते. लोनीने आपल्या अहवालात या प्रांतातल्या मागांचा अंदाज साठ हजारांच्या घरात दिला आहे. विणत बायका, आणि तो माल मनिलापर्यंत नेऊन विकत ते मोलो आणि हारो या भागांतले चिनी-मिश्र वंशाचे व्यापारी.

लोनीने मँचेस्टरचं गिरणीचं कापड आणलं. स्थानिक नक्षीची नक्कल केलेलं, आणि हातमागापेक्षा कितीतरी स्वस्त. कापड उतरवून रिकामी परतणारी जहाजं परवडत नाहीत, म्हणून परतीला भरायला माल हवा; त्यासाठी त्याने साखर निवडली. समोरच्या नेग्रोस बेटावर जंगल आणि सुपीक जमीन अमाप होती. ऊस गाळायचे लोखंडी चरक त्याने मागवले, ते उधारीवर दिले आणि पिकावर कर्ज दिलं. कापडाच्या धंद्यात मार खाल्लेले मोलो-हारोचे तेच व्यापारी भांडवल उचलून नेग्रोसला गेले आणि मळेवाले झाले. काही दशकांतच इलोइलोचे माग थंडावले. लोनी मात्र १८६९ मध्येच तापाने गेला. त्याला याच शहरात पुरलं.

आपल्याकडच्या विणकरांचं काय झालं हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत, म्हणून हा इतिहास ऐकताना मला आधी वाटलं की हे सगळं ठाऊकच आहे. पण एका गोष्टीने मला थांबवलं. इथे इंग्रजांचं राज्य कधी नव्हतंच. ना कंपनी सरकार, ना फौज, ना जकातीचे कायदे. राज्य स्पेनचं होतं आणि बाजार मँचेस्टरचा. एका बंदराचा दरवाजा, एक उपवकील आणि उधारीच्या वह्या एवढ्यावर हे काम झालं. वसाहतवादाचं हे रूप आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसं येत नाही, आणि ते यायला हवं असं मला या धक्क्यावर फार वाटलं.

धक्क्यापासून थोडं आत गेलं की काये रेआल. जुन्या शहराचा हा मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंना अमेरिकन काळातल्या दोन-तीन मजली व्यापारी इमारती. वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, त्यामुळे खाली पादचाऱ्यांना सलग सावली मिळते आणि पावसातही कोरडं चालता येतं. कमानींवर बांधणीची वर्षं कोरलेली आहेत. काही इमारती नव्याने रंगवल्या आहेत, काहींच्या भेगांत पिंपळवर्गातली झाडं रुजली आहेत. रस्ता पुढे लिबर्ताद चौकापाशी पोचतो. मनिला अमेरिकनांच्या हाती पडल्यावर स्पेनने फिलिपिन्समधली आपली राजधानी इथे हलवली होती. म्हणून आशियातल्या स्पॅनिश सत्तेची शेवटची राजधानी अशी इलोइलोची ओळख सांगतात. १८९८ च्या मार्चमध्ये स्पेनच्या राणीने या शहराला ‘अत्यंत एकनिष्ठ आणि उदात्त’ असा किताब दिला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, याच चौकात मार्टिन देलगादो यांच्या क्रांतिसेनेने शहर ताब्यात घेतलं. दोन महिनेही झाले नव्हते तोच, फेब्रुवारी १८९९ मध्ये अमेरिकन फौज उतरली. माघार घेणाऱ्या क्रांतिकारकांनी शहराला आग लावली. आज चौकात शाळकरी मुलं खेळत असतात आणि म्हातारी माणसं बाकांवर पेपर वाचत बसतात.

ला पास हा खाडीपलीकडचा भाग त्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, आणि बाजार बाचोयसाठी. डुकराच्या हाडांचा तासन्‌तास उकळलेला रस्सा, शेवया, काळीज आणि इतर आतडी-कोथळ्याचे तुकडे, वरून कुरकुरीत तळलेल्या चामडीचा चुरा. बाजारातल्या दुकानांत याचा पहिला मान कुणाचा यावर अजून वाद चालतो. २०२३ मध्ये युनेस्कोने इलोइलोला पाककलेचं सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. फिलिपिन्समधलं असं ते पहिलंच शहर.

माझं मन रमलं ते मात्र दुसऱ्याच पदार्थात. त्याचं नाव कादयोस, बाबोय, लांका. बाबोय म्हणजे डुकराचं मांस. ते बाजूला ठेवून उरलेल्या दोघांकडे पाहा. कादयोस म्हणजे तूर, काळपट दाण्यांची, आख्खी शिजवलेली. त्यामुळे रस्सा जांभळट-काळा होतो. लांका म्हणजे कच्चा फणस. आणि आंबटपणासाठी चिंच नाही, टोमॅटो नाही, तर बातुआन नावाचं हिरवं गोल फळ. बाजारात त्याचे ढीग पाहिले, एक फोडून चाखलं, आणि जिभेने आधी ओळखलं. बातुआन हा आपल्या कोकमाचा सख्खा भाऊबंद, एकाच गार्सिनिया प्रजातीतला. तूर, फणस आणि आमसुलाच्या जातीची आंबट चव, हे त्रिकूट कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात परकं ठरणार नाही. भाजीवालीला मी हे खाणाखुणा आणि मोडक्या इंग्रजीत समजावलं. तिने लगेच विचारलं, मग तुम्ही ते माशात घालता का? हो म्हटल्यावर तिला माझ्याबद्दल खात्री पटली असावी. तिने आणखी चार फळं पिशवीत टाकली.

हारो भागात साखरेचा पैसा दिसतो. १९२० आणि ३० च्या दशकांत मळेवाल्यांनी इथे वाडे बांधले. पांढरे खांब, रुंद जिने, रंगीत काचा, पुढे हिरवळ. १९२८ सालचा ‘नेलीज गार्डन’ हा त्यांतला सर्वांत देखणा. मालकाने थोरल्या मुलीचं नाव त्याला दिलं. लिसारेस कुटुंबाच्या १९३७ च्या वाड्यात आता शाळा भरते. असे वाडे इलोइलोत इतके कसे टिकले, याचं उत्तर वैभवात नाही, उतरणीत आहे. नेग्रोसवर मोठे साखर कारखाने आले, त्यांनी स्वतःचे धक्के बांधले, आणि साखर इलोइलोला न येता थेट बाहेर जाऊ लागली. १९३०-३१ मध्ये गोदीकामगारांचे मोठे संप झाले. मग युद्ध आलं, जपानी बॉम्ब पडले. व्यापार सेबू बंदराकडे सरकला. जुनं पाडून नवं बांधायला इथे फारसा पैसाच उरला नाही, आणि म्हणून जुनं राहिलं.

पण वाड्यांच्या झुंबरांखाली उभं राहून ऊस कुणी तोडला हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पनायच्या पश्चिम अंगाला आंतिके प्रांत आहे. डोंगर आणि समुद्र यांच्या मधली चिंचोळी, गरीब पट्टी. तिथली माणसं हंगामात नेग्रोसच्या मळ्यांवर जातात. त्यांना ‘साकादा’ म्हणतात. ठेकेदार गावात येऊन आगाऊ रक्कम वाटतो, ती हंगामभर मजुरीतून वळती होते, आणि पुष्कळदा हंगाम संपतो तरी कर्ज संपत नाही. ठेकेदाराच्या जागी मुकादम आणि आगाऊ रकमेच्या जागी उचल म्हटलं की हे वाक्य बीडच्या ऊसतोड कामगारालाही लागू पडतं. १९८० च्या दशकाच्या मध्यात जगात साखरेचे भाव कोसळले तेव्हा नेग्रोसवर मजुरांची मुलं उपासमारीने मेली. या वाड्यांमध्ये फिरवणारा कुणीही मला साकादांबद्दल आपणहून बोलला नाही. बोलायला हवं होतं.

हारोच्या कॅथेड्रलमध्ये कँडेलारिया या रूपातल्या मेरीमातेची मूर्ती आत नाही, बाहेर आहे. देवळाच्या दर्शनी भिंतीवरच्या सज्जात, रस्त्याकडे तोंड करून. भाविक जिने चढून तिच्यापाशी जातात. दगडी मूर्ती वर्षागणिक थोडी थोडी वाढते अशी लोकांची श्रद्धा आहे. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्वतः इथे येऊन तिला मुकुट चढवला. २ फेब्रुवारीला तिची जत्रा भरते, मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो. देवळाचा घंटामनोरा देवळाला लागून नाही, रस्त्यापलीकडे चौकात एकटाच उभा आहे. १९४८ च्या भूकंपाने त्याचा वरचा भाग मोडला होता. याच हारोत ग्रासियानो लोपेस हायेना जन्मला. त्याने १८८९ मध्ये स्पेनमध्ये ‘ला सोलिदारिदाद’ हे सुधारणावाद्यांचं पत्र सुरू केलं.

मोलोचं चर्च याच्या अगदी उलट. पांढऱ्या प्रवाळी दगडाचं, टोकदार जुळ्या मनोऱ्यांचं. आतल्या खांबांवर दोन रांगांत सोळा संतांच्या मूर्ती आहेत, आणि त्या सगळ्या स्त्रिया आहेत. स्थानिक लोक अभिमानाने याला बायकांचं चर्च म्हणतात. विणकर बायकांच्या कापडावर श्रीमंत झालेल्या वस्तीने आपल्या चर्चमध्ये फक्त स्त्रिया उभ्या कराव्यात, हे मला तरी योग्य वाटलं, मग बांधणाऱ्यांच्या मनात काही का असेना. फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिझाल १८९६ च्या ऑगस्टमध्ये दापितानच्या हद्दपारीतून मनिलाकडे जाताना इलोइलोत उतरला होता, तेव्हा हे चर्च पाहून गेला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला स्पॅनिश सत्तेने त्याला गोळ्या घातल्या.

मोलोहून परतताना खाडीकाठाने चाललो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत या पाण्यात अर्धी बुडालेली जहाजं, बेकायदा मासळीचे कोंडवाडे आणि सांडपाणी होतं असं लोक सांगतात. पालिकेने ते हटवलं, गाळ काढला, आणि काठाने कित्येक किलोमीटर चालायची वाट बांधली. महत्त्वाचं हे की वाट बांधताना कांदळवन तोडलं नाही. वाट त्याला वळसा घालून जाते. आपल्या खाड्यांचं जे करून ठेवलं आहे ते आठवून मला या शहराचा मनापासून हेवा वाटला.

गिमारासला जायचं ते आंब्यासाठी. धक्क्यावर उतरताच पाट्या दिसतात की बाहेरचा आंबा बेटावर आणायला बंदी आहे. फळही नाही, कलमही नाही. कारण आंब्याचा भुंगा. कोयीत आणि गरात शिरणारे हे किडे या बेटावर नाहीत, आणि ते येऊ नयेत म्हणून अख्ख्या बेटाच्या वेशीवर पहारा आहे. याच स्वच्छतेच्या बळावर इथला आंबा परदेशी बाजारात जातो. कोयीतल्या भुंग्याची ही डोकेदुखी कोकणातल्या बागायतदाराला नवी नाही. २००७ मध्ये भारतीय आंब्यासाठी अमेरिकेचा बाजार पुन्हा उघडला तो लासलगावच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया केल्यावर. एका ठिकाणी यंत्राने साधलं ते दुसऱ्या ठिकाणी समुद्राने. चवीचं म्हणाल तर गिमारासचा आंबा पिवळाधमक, लांबट, रेषा जवळजवळ नसलेला आणि अतिशय गोड. हापूसचा दरवळ त्याला नाही. गोडीत मात्र तो हार जात नाही.

शहरातून पश्चिमेला समुद्राकाठाने रस्ता जातो. आधी आरेवालो, फुलांच्या दुकानांचं आणि फटाके बनवणाऱ्यांचं गाव. तिथे १८६५ सालचं दगडी घर आहे, खाली दगड आणि वर लाकूड अशा पद्धतीचं, ज्यात आजही जुना माग ठेवला आहे आणि घरचे लोक पाहुण्यांना दाट, कडसर चॉकलेट पाजतात. मग ओतोन, जिथल्या थडग्यात १९६० च्या दशकात मृताच्या डोळ्यांवर आणि नाकावर ठेवायचे सोन्याचे पत्रे सापडले. स्पॅनिश येण्याच्या शे-दीडशे वर्षं आधीचे, चिनी रिवाजाशी नातं सांगणारे. मग तिगबावान. १९४५ च्या मार्चमध्ये अमेरिकन फौज इथेच किनाऱ्यावर उतरली. गिंबालच्या किनाऱ्यावर बुटके दगडी बुरूज आहेत. सुलू आणि मिंदानाओकडून गुलाम पकडायला येणाऱ्या होड्यांवर नजर ठेवायला ते बांधले होते.

या भीतीतूनच मियागाओचं चर्च उभं राहिलं. शहरापासून चाळीस किलोमीटरवर, उंचवट्यावर, पिवळसर चुनखडीच्या दगडाचं. १७८७ मध्ये सुरुवात, १७९७ मध्ये पूर्ण, १९९३ पासून जागतिक वारसा. भिंती दीड मीटर जाडीच्या, पाया सहा मीटर खोल, बाहेरून आधार देणारे भक्कम धिरे. दोन्ही बाजूंचे मनोरे बसके आणि एकमेकांशी न जुळणारे. हे चर्च आहे आणि गढीही.

पण नजर खिळते ती दर्शनी भिंतीवर. मधोमध संत क्रिस्तोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडतो आहे. युरोपातल्या चित्रांत त्याच्या हातात काठी असते. इथे त्याने आधारासाठी एक नारळाचं झाड धरलं आहे, झावळ्यांसकट. अंगावर शेतकऱ्याचे कपडे, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. दोन्ही बाजूंना पपई आणि पेरूची झाडं, फळांनी लगडलेली. पपई आणि पेरू दोन्ही मूळचे अमेरिकेतले; फिलिपिन्समध्ये ते आकापुल्कोहून मनिलाला येणाऱ्या गलबतांबरोबर आले, आणि आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर. कोरणाऱ्या गवंड्यांना मात्र ती परकी वाटलीच नसणार. त्यांनी स्वर्ग कोरायला घेतला आणि आपलं परसू कोरलं. गोव्यात चर्चच्या लाकूडकामात स्थानिक कारागिरांचा हात ओळखू येतो, पण इतका मोकळेपणा, संपूर्ण दर्शनी भिंत आपल्या झाडाझुडपांनी भरून टाकण्याची हिंमत, मी दुसरीकडे पाहिली नाही. बराच वेळ मी समोरच्या गवतावर बसून होतो. मागे शाळेची सुट्टी झाली, मुलं चर्चच्या सावलीतून घरी निघाली, आणि तरीही उठवत नव्हतं.

मियागाओच्या डोंगराकडच्या बाजूला इंडग-आन नावाची वस्ती आहे. तिथे विणकर बायकांची सहकारी संस्था हाब्लोन हे हातमागाचं कापड विणते. मोठ्या मोकळ्या शेडमध्ये लाकडी मागांच्या रांगा, धोट्यांचा खटखटाट, मधूनच हशा. ताणा लावायला दोघी लागतात, एकदा लावला की एकटीनं विणायचं. पातादयोंगच्या जुन्या चौकडी आहेतच, शिवाय शाली, पिशव्या, पुरुषांच्या समारंभी शर्टांचं कापड. मागावर बसलेल्या एकीला मी धाग्याबद्दल विचारलं. पिन्या आणि आबाका लागतं तेव्हा मागवतात, पण रोजचं काम बहुतेक पॉलिएस्टर आणि रेयॉनच्या धाग्यावर होतं, आणि तो धागा बाहेरून विकत आणावा लागतो. इथे सूत कातलं जात नाही. म्हणजे विणणं परतलं आहे, सूत नाही. धाग्याचा भाव वाढला की कापडाचा भाव वाढवता येत नाही, कारण शेजारच्या मॉलमध्ये तसंच दिसणारं छापील कापड निम्म्या किमतीत असतं. हे सांगताना तिचा हात थांबला नव्हता.

मग तिने माझ्या खिशातल्या फोनमध्ये साडी दाखवायला सांगितली. पैठणीचा पदर मोठा करून दाखवला. शेजारच्या दोघी उठून आल्या. नक्षी ताण्यात आहे की बाण्यात, मोर कसा उचलला, किती दिवस लागतात, विणणारी बाई की पुरुष, पैसे कुणाला मिळतात, असे प्रश्न सुरू झाले. येवल्यात घरोघरी माग आहेत आणि नवरा-बायको दोघंही विणतात हे ऐकून सगळ्यांत वयस्क बाई म्हणाली, मग त्यांचा माल विकतो कोण ते विचार.